‘अनादि’ या शब्दाचा पुरावा

महाडच्या चवदार तळ्याविषयी मराठीत विपुल लिहिले गेले आहे. परंतु त्यातील बहुतेक लेखन २० मार्च १९२७ च्या त्या ओंजळीपाशी, फार तर डिसेंबरातील मनुस्मृतिदहनापाशी येऊन थांबते. त्यानंतर नऊ वर्षे चाललेला दिवाणी दावा आमच्या अभ्यासक्रमात तळटीपेपुरताही येत नाही. नागरी हक्कांचा लढा न्यायालयांतून कसा सरकतो, हे समजावण्यासाठी अमेरिकेतील खटल्यांकडे धावण्याआधी हे कागद वाचायला हवेत.

तळे सर्वांना खुले करण्याचा ठराव महाड नगरपालिकेने १९२४ सालीच केला होता. तरीही १२ डिसेंबर १९२७ रोजी काही सवर्णांनी महाडच्या न्यायालयात दावा लावला : तळे खासगी आहे आणि अस्पृश्यांना तेथे मज्जाव ही पूर्वापार वहिवाट आहे. प्रतिवादी डॉ. आंबेडकर आणि त्यांचे सहकारी. म्हणजे हक्क मागणाराच येथे आरोपीसारखा उभा. दोन दिवसांत तात्पुरता मनाई हुकूम मिळाला, आणि महिनाअखेरीस जमलेले हजारो सत्याग्रही पाण्याला न शिवता तळ्याला फेरी घालून परतले. हुकूम फेब्रुवारी १९२८ मध्ये उठला. दावा मात्र चालूच राहिला. १९३१ मध्ये महाडला निकाल, १९३३ मध्ये ठाण्याला अपील फेटाळले (आमच्या दिवाळ्याचे जिल्हा न्यायालयही तेच), आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाचा अंतिम निर्णय. वादी तिन्ही ठिकाणी हरले.

पण ते कशामुळे हरले? ब्रूमफील्ड आणि वाडिया या न्यायमूर्तींनी समतेचा उद्घोष केलेला नाही. वादींना अनादि काळापासूनची वहिवाट सिद्ध करता आली नाही, इतकेच ते म्हणतात. ती सिद्ध झाली असती, तर ती अन्याय्य किंवा लोकहितविरोधी आहे का, याचा विचार करावा लागला असता; आता त्याची गरज उरली नाही. प्रथम वाचनात हे कोरडे, काहीसे निराश करणारेच वाटते. प्रश्नाच्या गाभ्याला हात न लावता मिळालेला हा विजय आहे. मात्र साहित्याच्या अभ्यासकाने एक गोष्ट जरूर टिपावी. ‘अनादि’, ‘सनातन’ ही विशेषणे आपल्या वाङ्मयात पुरावा न मागता वावरत आली. येथे त्यांच्याकडे दाखला मागितला गेला, आणि तो निघाला नाही.

न्यायालयाने बाजूला ठेवलेल्या प्रश्नाचे उत्तर १९५० साली अमलात आलेल्या राज्यघटनेने दिले. तिच्या पंधराव्या अनुच्छेदात विहिरी, तळी आणि स्नानघाट यांचा नावानिशी उल्लेख आहे.