धरण उशाशी, जागे राहा!

कुकडीच्या पाण्यावर बोरी बुद्रुकची शेती उभी आहे. वर माणिकडोह, खाली येडगाव, शेजारच्या आंबेगावात घोड नदीवर डिंभे. माणिकडोह आणि डिंभ्याच्या पायथ्याला छोटी वीजगृहेही आहेत. या धरणांनी ऊस दिला, द्राक्षे दिली. पण शेतकरी बंधूंनो, धरणाचेही वय होते, हे आपण विसरतो.

दख्खनचा खडक हलत नाही, असे एके काळी मोठमोठे तज्ज्ञ सांगत. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेने तो समज मोडला. सुमारे १८० माणसे गेली, मुंबईची वीज तुटली. १०३ मीटर उंचीच्या काँक्रीटच्या धरणाला वरच्या भागात, जिथे भिंतीची जाडी एकदम कमी होते नेमकी तिथे, तडे गेले. धरण फुटले नाही. पुढे तडे भरून, पाठीमागून काँक्रीटचे टेकू देऊन ते मजबूत केले. म्हणजे जुने धरण भूकंपाला तोंड देण्याजोगे करता येते, हे आपल्याच राज्याने दाखवले आहे.

मातीच्या धरणाचे दुखणे वेगळे. धक्क्याने भिजलेली माती सैल होते, माथा खचतो, भेगा पडतात. २००१ च्या भूकंपात कच्छमधील चांग, टप्पर यांसारखी मातीची धरणे अशीच खचली. तलावांत पाणी कमी होते, म्हणून अनर्थ टळला. भरल्या तलावात धक्का बसला तर?

विजेचेही तेच. मनोरे सहसा टिकतात. फुटतात ती सबस्टेशनातली चिनीमातीची इन्सुलेटरे, आणि कलंडतात ते पायाला नीट न जखडलेले ट्रान्सफॉर्मर. मग अंधार, बंद मोटारी आणि बंद फोन. नेमक्या त्या वेळी दरवाजे उचलायला वीज लागते! म्हणून धरणावर चालू स्थितीतला जनरेटर हवाच, आणि हाताने दरवाजा उचलण्याची सोयही.

२०२१ च्या धरण सुरक्षा कायद्याने मोठ्या धरणांची पावसाळ्याआधी, पावसाळ्यानंतर आणि भूकंपानंतरही तपासणी बंधनकारक केली आहे. आपत्कालीन आराखडा करण्यासाठी पाच वर्षांची मुदत दिली आहे. कायदा चांगला, पण तो कपाटात राहून उपयोग काय? २०१९ च्या जुलैत रत्नागिरीतले तिवरे धरण फुटले. गळतीच्या तक्रारी गावकऱ्यांनी आधीच केल्या होत्या.

तेव्हा सरपंच, ग्रामसेवक, तलाठी यांनी येत्या ग्रामसभेत तीन गोष्टी लेखी मागाव्यात: शेवटच्या तपासणीचा अहवाल, धरण फुटल्यास पाणी कुठवर येईल त्याचा नकाशा, आणि भोंगा वाजल्यावर कोणत्या वाटेने कुठे जायचे त्याची माहिती. कालव्यावर पाळी मागायला आपण जातोच ना? तशीच ही मागणी करा. भरावावर झाड उगवले, गळतीचे पाणी गढूळ झाले, तर पाटबंधारे खात्याला त्याच दिवशी कळवा आणि पोच घ्या.

भूकंप तारीख देऊन येत नाही. तयारीची तारीख मात्र आपल्या हातात आहे.