अर्धपुतळ्यास रंग कोणता द्यावा?

सैनिकांचे वीतभर उंचीचे अर्धपुतळे आणून ते घरीं रंगविण्याचा छंद युरोपांत जुना आहे. आपल्याकडेही आतां कांहीं तरुण त्याच्या नादीं लागले आहेत. दिवाळींत अंगणांत किल्ला बांधून त्यावर मातीचे मावळे मांडणाऱ्या महाराष्ट्रास हा छंद परका वाटण्याचें कारण नाहीं. आमची तक्रार छंदाविषयीं नाहीं, रंगाविषयीं आहे. पुतळा कोणत्याही काळच्या शिपायाचा असो, त्यास भगवा फेटा आणि सोन्याचा कंठा चढविल्यावांचून पुष्कळांचें समाधान होत नाहीं. आणि तो पणजोबांचा म्हणून दिवाणखान्यांत मांडावयाचा असला तर सोनेरी रंगास सीमाच उरत नाहीं.

रत्नागिरी जिल्ह्याचा शिपाई खरोखर कसा होता? पेशवाई बुडाल्यावर दापोलीस इंग्रजांची छावणी पडली; त्या गांवास लोक अद्यापि 'कॅम्प दापोली' म्हणतात. मुंबई इलाख्याच्या पायदळांत कोंकणचे मराठे आणि महार मोठ्या संख्येनें भरती झाले. त्यांचा डगला तांबडा असे. गळपट्टीचा व मनगटपट्टीचा रंग पलटणीगणिक बदले. पुढें खाकी आली. पहिल्या महायुद्धांत मराठा पलटणींचे लोक मेसापोटेमियांत कुटच्या वेढ्यांत अडकले, आणि २९ एप्रिल १९१६ रोजीं तेथील उपाशी सैन्य शरण गेलें. त्या शिपायाच्या गालांचे खळगे बुजवून तेथें लाली भरणें हा त्याचा गौरव कसा म्हणावा?

याहून गंभीर बाजू निराळीच आहे. डॉ. आंबेडकरांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ यांचें मूळ गांव मंडणगड तालुक्यांतील आंबडवे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सरकारनें महारांची लष्करभरती बंद केली, तेव्हां दापोलीस राहणारे निवृत्त हवालदार गोपाळबाबा वलंगकर यांनीं त्या अन्यायाविरुद्ध सरकारकडे करावयाचा अर्ज तयार केला. १९१७ सालीं १११ वी महार पलटण उभारली गेली, ती थोड्याच वर्षांत मोडली. महार रेजिमेंट उभी राहावयास १९४१ साल उजाडावें लागलें. ज्या गणवेशासाठीं इतकीं वर्षें झगडावें लागलें, तोच पुतळ्यावरून उतरविला तर तो झगडाही नातवंडांच्या दृष्टीआड होतो.

कोणी म्हणतील, परक्या सरकारच्या चाकराची वर्दी जतन कां करावी? आमचें उत्तर असें कीं, वर्दी दाखविणें म्हणजे त्या सरकारची आरती करणें नव्हे. पूर्वज पोटासाठीं गेला कीं मानासाठीं, त्यानें बरें केलें कीं वाईट, याचा निवाडा वंशजांनीं खुशाल करावा. पण पुरावा पुसून निवाडा होत नसतो. दुसरे म्हणतील, हा खेळ आहे, एवढी चिकित्सा कशास? शिवाजीमहाराजांचें म्हणून पूर्वीं छापलें जाणारें एक चित्र वस्तुतः इब्राहिमखान नांवाच्या सरदाराचें असल्याचें वा. सी. बेंद्रे यांनीं दाखवून दिलें. प्रत्यक्ष महाराजांच्या बाबतींत अशी गफलत होऊं शकते, तर ज्यांचें एकही चित्र उरलें नाहीं त्या साध्या शिपायांची काय कथा? त्यांचा हा पुतळाच उद्यां पुरावा म्हणून दाखविला जाईल.

तेव्हां कुंचला हातीं घेण्यापूर्वीं माळ्यावरची पेटी उघडावी. पहिल्या महायुद्धाच्या पदकाच्या कडेवर शिपायाचें नांव, क्रमांक आणि पलटण कोरलेली असते. निवृत्तीचा कागद असेल तर तो वाचावा, घरांतील वृद्धांस विचारावें, मग पातळ रंगाचे थर सावकाश द्यावे. इतकें करूनही गळपट्टीचा रंग कळला नाहीं, तर तेवढी जागा अस्तराची करडीच ठेवावी. ती पाहून घरांतलें मूल "ही अशी कां?" म्हणून विचारील, आणि पणजोबांची खरी हकीकत सांगण्यास तेथूनच आरंभ होईल. सोनेरी कंठा पाहून कोणी कांहीं विचारीत नाहीं.