माघारी वळलेले हेलिकॉप्टर

अँट्वान फुक्वा यांचा ‘टिअर्स ऑफ द सन’ हा युद्धपट २००३ सालचा. नायजेरियातील कल्पित यादवीतून एका महिला डॉक्टरची सुटका करण्याची आज्ञा लेफ्टनंट वॉटर्स याला असते. ती निर्वासितांना सोडून येईना, तेव्हा तो सर्वांनाच नेण्याचे खोटे आश्वासन देतो आणि ऐनवेळी तिला एकटीलाच हेलिकॉप्टरमध्ये चढवितो. वाटेत खाली, तिच्या मिशनमध्ये मागे राहिलेल्यांची प्रेते दिसतात. तो माघारी वळतो, मुलांना व दुर्बलांना आत बसवितो आणि उरलेल्यांसह कॅमेरूनच्या सीमेकडे पायी निघतो.

अभयदान ते हेच. पण त्यासाठी पुढे शस्त्र चालवावे लागतेच. श्रावकाला संकल्पी हिंसेचा त्याग सांगितला आहे. विरोधी हिंसा त्याला सर्वस्वी टळत नाही. सैनिकाचा प्रश्न तेथे काहीसा सुटतो, प्रेक्षकाचा नाही. अखेरच्या चकमकीत (ती नको तितकी लांबली आहे) शत्रू पडू लागले, तसा मी खुर्चीत सरसावून बसलो, सुखावलोही. कृत नव्हे, कारित नव्हे. अनुमोदना मात्र माझीच होती. त्या रात्री प्रतिक्रमणात ‘मिच्छा मि दुक्कडं’ म्हणताना मी त्या पडलेल्यांपाशी अडखळलो.