हेल्मेट काढण्याची घाई

रिडली स्कॉट यांच्या ‘प्रोमिथियस’ (२०१२) चित्रपटात माणसाला घडवणाऱ्या प्राचीन परग्रहवासीयांच्या वास्तूत शास्त्रज्ञ शिरतात. हवा श्वसनायोग्य आहे एवढे कळताच एक जण हेल्मेट काढतो, पाठोपाठ बाकीचेही! (पोट शिवल्यावर लगेच धावणारी नायिका सोडून देऊ.) ऑक्सिजन पुरेसा म्हणजे हवा जंतुविरहित, असे थोडेच आहे? १९६९ मध्ये अपोलो-११च्या चांद्रवीरांना २१ दिवसांचे विलगीकरण होते. पण यानाचे दार त्याआधी समुद्रातच उघडले होते, म्हणजे धुळीला वाट मिळालीच होती. चंद्र निर्जीव निघाला म्हणून निभावले. मंगळाबाबत तसे गृहीत धरता येणार नाही. तिथली माती आणायचीच तर ती बंदिस्त प्रयोगशाळेतच उघडावी, निष्कर्षांना वर्षभर उशीर झाला तरी चालेल.