लुकलुकणारी नाडी

सीडींच्या रांगेतून एखादी सीडी लाल डोळा मिचकावते आहे, असे कधी पाहिले आहे? ‘पिंक फ्लॉइड’ या ब्रिटिश रॉक बँडचा ‘पल्स’ हा अल्बम १९९५ मध्ये आला, तेव्हा पहिल्या आवृत्तीच्या वेष्टनाच्या कडेला खराखुरा दिवा बसवलेला होता. आत पेन्सिल सेल, बाहेर नाडीसारखी लुकलुक!

१९९४ च्या ‘द डिव्हिजन बेल’ दौऱ्यातील लंडन, रोम अशा शहरांतल्या कार्यक्रमांचे हे ध्वनिमुद्रण. दुसऱ्या सीडीवर ‘द डार्क साइड ऑफ द मून’ हा १९७३ चा अल्बम अथपासून इतिपर्यंत सलग वाजवला आहे. डेव्हिड गिल्मरची गिटार ‘कम्फर्टेबली नम्ब’मध्ये जी लांबत जाते, ती ऐकताना घड्याळाकडे लक्ष जात नाही.

परंतु हा अल्बम ऐकावा तो रिचर्ड राइटसाठी. बँडच्या संस्थापकांपैकी एक असलेल्या या कीबोर्डवादकाला १९७९ मध्ये, ‘द वॉल’च्या ध्वनिमुद्रणाच्या वेळी, सहकाऱ्यांनीच बाहेरचा रस्ता दाखवला. त्यानंतरच्या कार्यक्रमांत तो आपल्याच बँडमध्ये पगारी वादक म्हणून वाजवत होता! पुढे रॉजर वॉटर्स वेगळा झाला, राइट परतला आणि १९९४ पर्यंत पुन्हा हक्काचा सदस्य झाला. ‘द ग्रेट गिग इन द स्काय’ ही त्याचीच रचना. येथे तिघी गायिका ती आळीपाळीने गातात आणि खाली त्याचा पियानो शांतपणे चालू राहतो. दुखावलेला माणूस घरी परतल्यावर गाऱ्हाणे न सांगता कामाला लागतो, तसा.

२९ ऑक्टोबर १९९४ रोजी लंडनच्या अर्ल्स कोर्ट सभागृहात हा दौरा संपला. पिंक फ्लॉइडने त्यानंतर दौरा केला नाही. २००५ मध्ये लंडनच्या ‘लाइव्ह ८’ कार्यक्रमात वॉटर्ससह चौघे मोजक्या गाण्यांपुरते एकत्र आले. २००८ मध्ये राइट गेला. ते सभागृहही पाडले गेले.

माझ्याकडच्या जुन्या प्रतीतला दिवा विझला आहे. सेल बदलावा असे अनेकदा मनात येते, पण राहूनच जाते. नवख्या श्रोत्यांनी दुसऱ्या सीडीपासून सुरुवात करावी. रात्री, घर निजल्यावर, मधे न थांबता. गिटार आपोआप कानावर येईलच. पियानोकडे मात्र मुद्दाम लक्ष द्या.