खाण्याचा इसेन्स, श्वासाचा धोका

धाराशिव : कुंथलगिरीचा पेढा ही या जिल्ह्याची जुनी ओळख. भूम तालुक्यातील या परिसरातील खव्याला आता भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. दुधदुभत्याच्या या प्रदेशात लोण्याचा आणि ताजे ताक घुसळल्याचा वास कोणालाही नवा नाही. त्या वासामागे जी रासायनिक द्रव्ये असतात, त्यांतील एक प्रमुख द्रव्य म्हणजे डायअॅसिटिल. विरजणातील जीवाणू ते नैसर्गिकरीत्या तयार करतात आणि पिढ्यान् पिढ्या माणसे ते निर्धास्तपणे खात आली आहेत. हेच द्रव्य कारखान्यात तयार करून बाटलीत भरले, की त्याला 'बटर फ्लेवर' म्हणतात. केक, बिस्किटे, आइस्क्रीम यांत ते सर्रास वापरले जाते. मात्र तेच तापवून, वाफ करून फुप्फुसांत ओढले तर काय होते, हा प्रश्न ई-सिगारेटने जगापुढे उभा केला आहे. भारतात ई-सिगारेटवर २०१९ पासून बंदी असली, तरी हा प्रश्न निकालात निघालेला नाही. उलट, बंदीनंतर तो दुकानातून घरात शिरण्याची शक्यता अधिक आहे.

बाजार बंद, कच्चा माल खुला

ई-सिगारेटमधील द्रव, ज्याला वापरणारे 'लिक्विड' म्हणतात, त्याचे घटक मोजके असतात : ग्लिसरीन, प्रॉपिलीन ग्लायकॉल, बहुधा निकोटिन आणि स्वाद. तयार माल दुर्मीळ व महाग झाला, की हे मिश्रण घरीच करण्याची वाट काहींना सोपी वाटते. ग्लिसरीन औषधांच्या दुकानात मिळते. व्हॅनिला, स्ट्रॉबेरी, आंबा, गुलाब यांचे इसेन्स बेकरीचे साहित्य विकणाऱ्या कोणत्याही दुकानात मिळतात. त्यांच्या विक्रीत बेकायदा काहीही नाही. निवड करणाऱ्याचा युक्तिवादही साधा असतो : जे खाण्यासाठी सुरक्षित, ते ओढण्यासाठी घातक कसे असेल? या साऱ्या प्रकरणातील मूळ गफलत नेमकी याच युक्तिवादात आहे.

पोट आणि फुप्फुस हे शरीराचे दोन निराळे दरवाजे आहेत. पोटात गेलेल्या पदार्थावर आम्लाची प्रक्रिया होते, आतड्यातून शोषले गेलेले द्रव्य आधी यकृताकडे जाते आणि बऱ्याच अपायकारक अंशाचा तेथे निचरा होतो. फुप्फुसातील वायुकोशांच्या भिंती मात्र अत्यंत पातळ असतात, कारण त्यांचे काम हवेतील प्राणवायू तत्काळ रक्तात पोहोचविण्याचे आहे. तेथे येणाऱ्या द्रव्याला अडविणारे यकृत वाटेत नसते. म्हणूनच खाद्यस्वादांना मिळणारी 'सुरक्षित' ही मान्यता केवळ खाण्यापुरती असते. अमेरिकेतील स्वादनिर्मात्यांच्या संघटनेनेच ही मान्यता ई-सिगारेटला लागू होत नाही, असे स्पष्ट केलेले आहे.

पॉपकॉर्नच्या कारखान्याचा धडा

हा फरक किती महाग पडू शकतो, हे अमेरिकेतील मिसुरी राज्यात जास्पर या गावी दिसून आले. तेथील पॉपकॉर्नच्या कारखान्यात काम केलेल्या आठ जणांना श्वासनलिकांच्या अगदी बारीक शाखा कायमच्या आकुंचित करणारा दुर्मीळ आजार झाल्याचे २००० मध्ये आरोग्य खात्याच्या नजरेस आले. तपासात बोट वळले ते गरम तेलात मिसळल्या जाणाऱ्या लोण्याच्या कृत्रिम स्वादाकडे, म्हणजेच डायअॅसिटिलकडे. मिश्रणाच्या टाकीजवळ काम करणाऱ्यांना सर्वाधिक त्रास झाला होता. खाणाऱ्याला निरुपद्रवी असलेला पदार्थ त्याची वाफ श्वासावाटे घेणाऱ्याला आयुष्यभर जायबंदी करू शकतो, हे त्यातून सिद्ध झाले. 'पॉपकॉर्न लंग' हे नाव तेव्हापासून रूढ झाले.

पुढे २०१५ मध्ये हार्वर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी ई-सिगारेटचे ५१ स्वाद तपासले. त्यांपैकी ४७ मध्ये डायअॅसिटिल किंवा त्याच्या जवळच्या दोन द्रव्यांपैकी किमान एक आढळले. एकट्या डायअॅसिटिलचा आढळ ३९ स्वादांत होता. येथे एक गोष्ट नमूद करणे आवश्यक आहे. साध्या सिगारेटच्या धुरातही डायअॅसिटिल असते आणि ई-सिगारेट ओढणाऱ्यांत 'पॉपकॉर्न लंग' मोठ्या प्रमाणावर पसरल्याचा पुरावा नाही. परंतु पुरावा गोळा होईपर्यंत आपल्या फुप्फुसांवर प्रयोग करीत राहावे, असा त्याचा अर्थ होत नाही.

धोका केवळ लोण्याच्या स्वादापुरता नाही. दालचिनीच्या स्वादातील सिनॅमाल्डिहाइड श्वासमार्ग स्वच्छ ठेवणाऱ्या सूक्ष्म केसांची हालचाल मंदावतो, असे प्रयोगशाळेत पेशींवर केलेल्या अभ्यासांत दिसले आहे. व्हॅनिलासारखे काही स्वाद प्रॉपिलीन ग्लायकॉलमध्ये नुसते साठवून ठेवले, तरी त्यांच्यापासून नवी संयुगे तयार होतात व ती श्वासमार्गाचा दाह वाढवू शकतात. तेलात विरघळविलेले इसेन्स तर अधिकच धोक्याचे, कारण फुप्फुसात गेलेल्या तेलामुळे न्यूमोनियासारखा विकार होऊ शकतो.

अमेरिकेत २०१९ मध्ये उद्भवलेली फुप्फुसविकाराची साथ हे याचेच भीषण उदाहरण. फेब्रुवारी २०२० पर्यंत तेथे २,८०७ जण रुग्णालयात दाखल झाले आणि ६८ जण मृत्युमुखी पडले. मुख्य संशयित ठरले ते व्हिटॅमिन ई अॅसिटेट. गोळ्यांत आणि त्वचेच्या क्रीममध्ये बिनदिक्कत वापरले जाणारे हे तेलकट द्रव्य गांजाचा अर्क असलेल्या, प्रामुख्याने अनधिकृत मार्गाने मिळविलेल्या लिक्विडमध्ये मिसळलेले होते.

कायद्याने पाहिलेला स्वाद

महाराष्ट्रातील कायद्याची स्वादाशी गाठ पडण्याची ही पहिली वेळ नव्हे. राज्याने २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी घातली, ती अन्नसुरक्षा कायद्याच्या आधारे. अन्नपदार्थात तंबाखू वा निकोटिन हा घटक असता कामा नये, हे २०११ च्या नियमांतील तत्त्व त्यामागे होते. त्यानंतर सुगंधित तंबाखू आणि सुगंधित सुपारीही बंदीच्या कक्षेत आली. मुंबईत कमला मिल परिसरात २९ डिसेंबर २०१७ रोजी १४ जणांचा बळी घेणारी आग लागली आणि २०१८ मध्ये राज्याने हुक्का पार्लर बंद करणारी कायदादुरुस्ती अमलात आणली. पाठोपाठ १८ सप्टेंबर २०१९ रोजी केंद्राने ई-सिगारेटविरोधी वटहुकूम काढला व त्याच वर्षी त्याचे कायद्यात रूपांतर झाले. पहिल्या गुन्ह्यासाठी एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, पुन्हा गुन्हा केल्यास तीन वर्षांपर्यंत कैद व पाच लाखांपर्यंत दंड, अशी तरतूद त्यात आहे. निकोटिन व स्वाद असो वा नसो, द्रव्य तापवून ओढण्याचे उपकरण या व्याख्येत येते आणि ते जोडणे हेही 'उत्पादन' ठरते. तेव्हा घरगुती असल्याने सूट मिळते, हा समज चुकीचा आहे.

या तिन्ही बंदींमागचा धागा एकच आहे. निकोटिनची चव कडवट व झोंबणारी. ती सौम्य आणि हवीहवीशी करण्याचे काम स्वाद करतो. गुटख्यात ते वेलची-केवड्याने केले, हुक्क्यात सफरचंदाने व पुदिन्याने, लिक्विडमध्ये आंबा आणि स्ट्रॉबेरीने. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीनुसार महाराष्ट्रातील २६.६ टक्के प्रौढ तंबाखूचे सेवन करीत होते आणि धूरविरहित तंबाखूचे प्रमाण २४.४ टक्के होते. कर्नाटकच्या सीमेवरील उमरगा, नळदुर्ग मार्गावर गुटखा पकडल्याच्या बातम्या जिल्ह्यातील वाचकांना परिचित आहेत. माल पकडता येतो, कारण तो माल म्हणून ओळखता येतो. इसेन्सची बाटली मात्र कोणत्याही नाक्यावर अडविता येणार नाही आणि अडविण्याचे कारणही नाही.

बंदीच्या पुढे काय?

प्रौढ धूम्रपानकर्त्याला सिगारेट सोडण्यासाठी ई-सिगारेट उपयोगी पडते, अशी भूमिका ब्रिटनच्या आरोग्य यंत्रणेने घेतली आहे. मात्र तेथे लिक्विडच्या घटकांवर नियंत्रण आहे आणि डायअॅसिटिलला मनाई आहे. भारताने नियंत्रणाऐवजी बंदी निवडली. त्या निवडीबद्दल मतभेद असू शकतात. परंतु बंदीमुळे घटक तपासणारी यंत्रणाच उरत नाही, ही तिची बाजू दुर्लक्षून चालणार नाही. इसेन्सच्या बाटलीवरील लेबलही फारशी मदत करीत नाही. स्वाद नैसर्गिक आहे की कृत्रिम, एवढे त्यावरून कळते. आत नेमकी कोणती रसायने आहेत, हे कळत नाही. जो 'चांगला' स्वाद निवडू पाहतो, त्याला निवडीसाठी लागणारी माहितीच उपलब्ध नसते.

म्हणूनच काही साध्या उपायांचा विचार व्हायला हवा. इसेन्सच्या बाटलीवर 'केवळ खाण्यासाठी. श्वासावाटे घेऊ नये' अशी एक ओळ मराठीत छापणे अवघड नाही. खोकला व धाप घेऊन आलेल्या तरुणाला विडी-सिगारेटबरोबरच वेपबद्दलही विचारणे डॉक्टरांना शक्य आहे. बारावीनंतर धाराशिवमधून लातूर, पुणे, छत्रपती संभाजीनगरकडे शिक्षणासाठी जाणाऱ्या मुलांशी पालकांनी याविषयी बोलायला हवे. घरात लहान मूल असेल, तर धोका दुहेरी आहे : निकोटिनचा द्रव गिळला गेल्यास विषबाधा होते आणि गोड वासाची बाटली मुलाला खाऊच वाटणार.

पेढ्यातील वेलची आणि ताकातील लोणी यांच्याबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. ज्या वाटेने ते शरीरात जायचे, त्याच वाटेने जावेत, इतकेच.