बोनसही हवा, बोलणंही हवं

साकोलीत एका सभेत मानसिक आरोग्याचा विषय निघाला आणि मागून आवाज आला, "आमाले डोक्याचा डाक्टर नको, धानाले बोनस द्या!" टाळ्या पडल्या. त्यांत माझ्याही होत्या. तुडतुड्याने बांधी करपलेल्या माणसाला मनःशांतीची व्याख्यानं द्यायला निघालेल्यांचा मलाही राग येतो. तरी त्या वाक्यातला 'नको' मला मान्य नाही.

त्यामागचा युक्तिवाद असा: दुःख परिस्थितीने दिलं, तर परिस्थिती बदला, माणसाच्या डोक्यात कशाला शिरता? ऐकायला पक्का वाटतो. पण ट्रॅक्टरखाली पाय सापडला आणि चूक ट्रॅक्टरवाल्याची निघाली, म्हणून कोणी पायाला प्लास्टर घालायचं थांबवतं का? दावा कोर्टात चालत राहतो, हाड इकडे जुळत राहतं.

९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा सामान्य रुग्णालयात नवजात बालकांच्या कक्षाला आग लागली, १० बाळं गेली. चौकशी झाली, सरकारने प्रत्येक कुटुंबाला ५ लाख जाहीर केले. ते व्हायलाच हवं होतं. पण बाळ गेलं तरी आईला पान्हा फुटत राहतो. तो कोणत्या धनादेशात बसवायचा? लेकरू गेलेल्या बाईला आपल्याकडे सांगतात, "रडू नको, तू जवान आहेस, आणखी होईन." सांगणारा वाईट नसतो. त्याला तिचं रडणं सोसवत नाही, एवढंच. "आपल्याकडे नातेवाईक आहेत, उपचारक कशाला?" असं विचारणाऱ्यांनी हे वाक्य आठवावं. उपचारक तिला रडू देतो. 'मी तिथे असते तर' या वाक्यापाशी ती दहाव्यांदा आली तरी कंटाळत नाही, आणि ते वाक्य कितपत खरं आहे ते तिच्यासोबत बसून तपासतो. मामा-मावशीला हे जमत नाही, कारण त्यांनाही तेच दुःख झालेलं असतं.

"नुसतं बोलून काय होते?" हा दुसरा आक्षेप. त्याचं उत्तर गोव्यात मिळालं आहे. तिथल्या 'संगाथ' संस्थेने प्राथमिक आरोग्य केंद्रांत बऱ्यापैकी तीव्र नैराश्याच्या ४९५ रुग्णांवर हे तपासलं. सहा ते आठ भेटी, आणि भेटायला डॉक्टर नव्हे तर प्रशिक्षण घेतलेली साधी माणसं. तीन महिन्यांनी या गटातले ६४ टक्के नैराश्यातून बाहेर आले होते. ज्यांना या भेटी मिळाल्या नाहीत त्यांच्यातले ३९ टक्के. निष्कर्ष 'लॅन्सेट'मध्ये छापून आले.

त्या पद्धतीची चव मी घेतली आहे. वडील गेल्यावर झोप उडाली. एका डॉक्टरांनी तीन मिनिटांत गोळ्या लिहिल्या. मग नागपूरला उपचारकाकडे गेलो. घरी सांगितलं, दाताला जातो. (आमच्याकडे दाताचं दुखणं फार अब्रूदार.) तिथल्या बाईंनी वही दिली: तासातासाला काय केलं ते लिहा. आठ दिवसांनी पाहिलं तर 'पडलो होतो' १९ वेळा. खांबतलावाची फेरी नाही, बसस्टँडवरचा चहा नाही, शेताचा धुरा नाही. म्हणालो, "मन लागलं की जाईन." त्या म्हणाल्या, "आधी जा. मन मागून येईल." मला ते पाठांतराचं वाक्य वाटलं होतं. चौथ्या चहाला मी चहावाल्याशी उधारीवरून भांडलो आणि घरी येऊन गाढ झोपलो.

अर्थात बोलण्याने सगळंच बरं होत नाही. कानात आवाज येणाऱ्याला आधी औषध हवं, बोलणं त्याच्या जोडीला. नवरा मारतो म्हणून आलेल्या बाईला 'सहन कसं करावं' शिकवणाऱ्या उपचारकाकडे तर फिरकूच नये. पण सतत धास्ती बाळगणारा, कुलूप लावलं की नाही ते पाच वेळा बघून येणारा, दारू सोडून पुन्हा बाटलीशी पोचणारा, जवाहरनगरच्या आयुधनिर्माणीतल्या जानेवारी २०२५ च्या स्फोटासारखं काही पाहून आल्यावर दार आपटलं तरी दचकणारा, यांतला कोणीही 'पागल' नाही आणि यांतल्या बहुतेकांना बोलण्याचा उपयोग होतो.

श्रीमंतांचं खूळ? शहरातली फी पाहिली तर आरोप खोटा म्हणवत नाही. पण अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत 'विश्राम' प्रकल्पाने गावपातळीवरच्या कार्यकर्त्यांना शिकवलं, तेव्हा नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचं प्रमाण दीड वर्षात ४.३ वरून २७.२ टक्क्यांवर गेलं. तिथे काही बंगलेवाले राहत नाहीत. आज आपल्याकडे १४४१६ हा 'टेलिमानस' या मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा फुकट क्रमांक आहे, पण एका खोलीच्या घरात, सासूच्या समोर, फोनवर काय बोलणार?

म्हणून पुढच्या सभेत बोनसची घोषणा मी देईनच, पण निवेदनात एक ओळ वाढवायला लावणार आहे: लाखांदूर, पवनी, मोहाडी, प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात ठरलेल्या वारी समुपदेशक, दोन खुर्च्या आणि आतून कडी लागणारी खोली. आणि रोवणीच्या दिवसांत वेळ संध्याकाळची ठेवावी.